दुबई ते आउटहोर्न: पत्ता मिळेपर्यंत

जून २०२४ मध्ये आमच्या दुबईतल्या घरमालकानं नोटरीमार्फत नोटीस पाठवली. फ्लॅट विकायचाय, बारा महिन्यांत जागा सोडा. विक्रीसाठी किंवा स्वतः राहण्यासाठी भाडेकरूला काढायचं तर तिथल्या कायद्यानं अशी वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते, तीही नोटरीकडून किंवा रजिस्टर्ड पोस्टानं. त्यामुळे त्याच्याकडून सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं. आम्ही मात्र करामा भागातल्या त्या वन बीएचकेत इतकी वर्षं काढली होती की घर भाड्याचं आहे हे विसरायला झालं होतं.

त्या काळात दुबईत भाडी भराभर वाढत होती. नवीन जागा बघितली की वर्षाचं भाडं, ते किती चेकमध्ये द्यायचं, एजंटचे पाच टक्के, डिपॉझिटचे पाच टक्के, वीज-पाण्याचं दोन हजार दिरहम डिपॉझिट, अशी बेरीज सुरू व्हायची. मग नवरा म्हणाला, एवढे देण्यापेक्षा विकतच घेऊ. त्याचंही गणित मांडलं. किमतीच्या वीस टक्के रोख, चार टक्के नोंदणी फी, दोन टक्के एजंट. पैसे ओढूनताणून जमले असते. पण आमच्या आवाक्यातलं घर दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी लागणाऱ्या वीस लाख दिरहमच्या जवळपासही नव्हतं. म्हणजे घर आपलं, हप्ते आपले, आणि नोकरी गेली की व्हिसाची विवंचना पुन्हा आहेच. नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ सोळा वर्षं राहून त्याच वर्षी केरळला परत गेले. त्यांची सामानाची आवराआवर आम्ही बघितली होती. त्यानंतर विकत घेण्याचा विषय निघाला नाही.

कोल्हापूरला परत जाण्यावर बरंच बोलणं झालं. सासूबाईंनी वरची खोली रंगवूनही घेतली. पण नवऱ्याचं काम वाहतुकीच्या सॉफ्टवेअरचं. पुण्यात मिळेल त्या नोकरीत आणि पगारात त्याचं मन लागेना. ऑक्टोबरपासून त्यानं युरोपात अर्ज टाकायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कंपनीची ऑफर आली. पुढचं सगळं लिहिते आहे ते मुख्यतः आखातातून नेदरलँड्सला जाणाऱ्या जोडप्यांसाठी. भारतातून थेट जाण्याबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. आखातातून निघणाऱ्याला मात्र दोन देशांचे कागद जुळवून तिसऱ्या देशात जायचं असतं, आणि गुंता तिथंच होतो.

व्हिसाचा भाग तुलनेनं सोपा. कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त प्रायोजक असेल तर उच्चकुशल कामगार म्हणून अर्ज कंपनीच करते, आणि जोडीदाराचा अर्जही त्याच वेळी जोडता येतो. २०२५ साली तिशी ओलांडलेल्या माणसासाठी महिना किमान ५,६८८ युरो पगाराची अट होती, तीही आठ टक्के सुट्टीचा भत्ता न धरता. तुमच्या ऑफरमधला आकडा भत्त्यासकट आहे की वगळून, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. निर्णयाला कायद्यानं ९० दिवस असतात, मात्र अशा कंपन्यांचे अर्ज साधारण दोन आठवड्यांत सुटतात. आमचाही मार्चमध्ये तेवढ्यातच सुटला.

खरा वेळ खाल्ला तो भारतातल्या दोन कागदांनी. नेदरलँड्सच्या नगरपालिकेत नाव नोंदवताना विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखला मागतात, आणि दोन्हींवर अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा आंतरराष्ट्रीय शिक्का, लागतं. विवाह प्रमाणपत्राची मला मुळीच काळजी नव्हती. दुबईला जाताना त्यावर राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का, मग दुबईत पोचल्यावर आणखी एक, असं सगळं झालं होतं. मागची बाजू शिक्क्यांनी भरलेली. पण त्यातला एकही इथं कामाचा नाही! अमिराती अपॉस्टीलच्या करारात नाही, म्हणून तिथं दूतावासाची साखळी लागते. भारत २००५ पासून त्या करारात आहे, नेदरलँड्सही आहे, म्हणून या दोघांमध्ये फक्त अपॉस्टील चालतं. तेव्हा सासऱ्यांनी कोल्हापुरातून विवाह नोंदणीच्या नमुना ‘ई’ची नवीन प्रत काढली आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

जन्मदाखल्याची गोष्ट आणखी वेगळी. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माझी नोंद आजोळच्या गावात. बाबांनी दाखला काढला तर नावाच्या रकान्यात काहीच नाही. लिंग स्त्री, वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, सगळं बरोबर. मी मात्र बेपत्ता. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं असं आहे, कारण नोंद व्हायची बाळंतपणानंतर लगेच आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. मग नाव घालायला परत कोण जातंय! नियमानं ते पंधरा वर्षांच्या आत घालायचं असतं. जुन्या नोंदींसाठी महाराष्ट्रात त्यानंतरही मुदतवाढ मिळालेली आहे. बाबांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्टची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला. फी किरकोळ, हेलपाटे भरपूर. एकदा साहेब रजेवर, एकदा रजिस्टर दुसऱ्या इमारतीत. बाबा सत्तरीचे आहेत. फोनवर ते फक्त “होतंय, होतंय” म्हणायचे, त्यामुळे किती त्रास झाला ते मला आईकडून नंतर कळलं.

परदेशी जायचा विचार नुसता मनात आला असेल तरी आज आपापला जन्मदाखला काढून बघा. नाव आहे का, ते इंग्रजीतही आहे का, आणि आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का. बायकांनी आणखी एक बघावं. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. परक्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटणं स्वाभाविक आहे. त्यांना जोडणारा एकच कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र, आणि त्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. माझ्या प्रमाणपत्रावर होतं म्हणून निभावलं.

अपॉस्टीलसाठी आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सींमार्फत द्यावे लागतात. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये. बाकी सगळं एजन्सीचं आणि मधल्या माणसाचं. आम्हांला सगळ्या कागदांचे मिळून बावीस हजारांच्या आसपास पडले, कारण घाई होती आणि आम्ही दुबईत होतो. वेळ असेल तर याच्या निम्म्याहून कमीत होतं असं नंतर कळलं. कागद मार्चच्या अखेरीस एका ओळखीच्या कुटुंबासोबत दुबईला आले. कुरियरनं मागवायचा धीर झाला नाही.

दुबई आवरण्याचाही एक क्रम आहे, आणि तो चुकला तर माणूस अडकतो. नेदरलँड्सचा प्रवेश व्हिसा तुम्ही जिथं कायदेशीर राहता तिथंच पासपोर्टवर लावून मिळतो. म्हणून तो स्टिकर हातात येईपर्यंत दुबईचा रहिवासी व्हिसा रद्द करायचा नाही, ऑफिसनं कितीही घाई केली तरी. स्टिकर ९० दिवस चालतो, तेवढ्या काळात निघायचं. मग आधी जोडीदाराचा व्हिसा रद्द होतो, त्यानंतर नोकरी करणाऱ्याचा. बँकेत शेवटचा हिशोब जमा झाला की खातं गोठवतात, गाडीचं किंवा क्रेडिट कार्डाचं काही बाकी असेल तर नक्कीच. कार्डं महिना-दीड महिना आधीच बंद करायला टाका. ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करून बघा. पहिल्या पाच वर्षांना प्रत्येकी २१ दिवस, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवस, आणि तेही मूळ वेतनावर. नवऱ्याची नऊ वर्षं भरली होती, म्हणजे २२५ दिवसांचं मूळ वेतन. ऐकायला मोठं वाटतं. आमच्या पगारात मूळ वेतन निम्म्याहून कमी होतं, त्यामुळे हातात आलेली रक्कम बघून दोघंही थोडा वेळ गप्प होतो. पण पुढचे सहा महिने याच पैशांवर निघाले, त्यामुळे आता तिला नावं ठेवत नाही.

२६ एप्रिलला अ‍ॅमस्टरडॅमला उतरलो तर सगळं शहर नारिंगी. राजाच्या वाढदिवसाचा उत्सव! गाड्यांत नारिंगी टोप्या घातलेली तरुण पोरं, रस्त्यांवर जुन्या वस्तूंची दुकानं मांडून बसलेली लहान मुलं. आम्ही आपले चार बॅगा ओढत मधून वाट काढतोय. गंमत वाटली, पण एक कळलं की एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत या देशात सुट्ट्याच सुट्ट्या असतात. आमच्या वर्षी ५ मेचा मुक्तिदिन, २९ मेचा ख्रिस्ती सण, ९ जूनचा सोमवार. प्रत्येक सुट्टी पुढच्या अपॉइंटमेंटला मागे ढकलायची. निवड हातात असेल तर सप्टेंबरात या.

कंपनीनं एक महिन्यासाठी सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं. छान होतं, खालीच ट्राम. अडचण एकच, त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी चालत नव्हती. आणि या देशात सगळं तिथूनच सुरू होतं. आल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असा नियम. नोंदणी केली की नागरिक सेवा क्रमांक मिळतो, ज्याला सगळे बीएसएन म्हणतात. बीएसएन असला की पगारावर योग्य कर, आरोग्य विमा, डॉक्टर, सरकारी लॉगिन. नोंदणीला पत्ता लागतो. पत्त्यासाठी भाडेकरार. भाडेकरारासाठी पगाराच्या स्लिपा. आणि बीएसएन नसलेल्याच्या पगारावर सरसकट ५२ टक्के कर! नवऱ्याचा मे महिन्याचा पगार असा कापूनच आला. ते पैसे पुढे हिशोबात परत येतात, पण घर शोधताना जी स्लिप दाखवायची तीच अशी केविलवाणी.

निघण्याआधी कंपनीच्या माणसाला हा एकच प्रश्न लेखी विचारा: तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर नोंदणी होईल का? भाडं, फर्निचर, ट्राम सगळं नंतर. बँकेचं मात्र अडलं नाही. बंकसारख्या ऑनलाइन बँका पासपोर्टवर खातं उघडतात आणि बीएसएन नंतर ९० दिवसांत दिला तरी चालतो.

मे महिनाभर घरं बघितली, म्हणजे बहुतेक वेळा नुसते अर्ज पाठवले. परारियस आणि फुंडा या दोन साइट्स सगळे वापरतात. जाहिरात पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात अर्ज गेला नाही तर नंबर लागत नाही. बघायला बोलावलं तरी जिन्यावर रांग. कर कापण्याआधीचा पगार भाड्याच्या तिप्पट, कुठं साडेतीनपट पाहिजे. त्यात माझी कमाई शून्य धरलेली. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पहिलं वर्ष मुदतीचं, म्हणून कंपनीकडून ‘काम समाधानकारक असेल तर पुढे कायम करण्याचा मानस आहे’ असं वाक्य असलेलं पत्र घ्यावं लागलं. या वाक्याशिवाय एजंट फाइल उघडतही नाहीत. पगारपत्रं, कंपनीचं पत्र, पासपोर्ट आणि दोघांचा फोटो असलेलं अर्ध्या पानाचं परिचयपत्र, सगळं एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. परिचयपत्र मला पोरकट वाटलं होतं, स्थळाच्या बायोडेट्यासारखं. धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही, स्वभाव शांत. पण ते वाचतात.

एका जाहिरातीतल्या ‘मालकानं’ आपण कामासाठी परदेशात आहोत, डिपॉझिट भरा म्हणजे किल्ली पोस्टानं पाठवतो असं कळवलं. फोटो सुंदर, भाडं बाजाराच्या निम्मं. यावर फार लिहायला नको; घर आतून बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही देऊ नका. कायद्याच्या दोन-तीन गोष्टी मात्र माहीत असू द्या. जुलै २०२३ पासून डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही. एजंट मालकासाठी काम करत असेल तर त्याला भाडेकरूकडून मध्यस्थीची फी घेता येत नाही. ‘प्रशासकीय शुल्क’ असं नाव देऊन मागितली तरी. आणि जुलै २०२४ नंतरचे करार बहुतांश बेमुदत असतात. दुबईत दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी पोटात गोळा यायचा, तो इथं येत नाही. शेवटी मला या देशात काय आवडलं असं कुणी विचारलं तर मी ट्यूलिप आधी सांगणार नाही, हा कायदा सांगीन.

महिना संपत आला. हॉटेलात राहून नोंदणी होणार नव्हती. शेवटी शेजारच्या अ‍ॅमस्टलवीन शहरातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं. अ‍ॅमस्टलवीनमध्ये भारतीय इतके आहेत की रविवारी बाजारात कोथिंबिरीपाशी चार ओळखी होतात. तासाभरात नाशिकच्या एका ताईंचा फोन आला. पंधरा वर्षं इथं, स्वतःचं घर, मुलगा शिकायला दुसऱ्या गावी. माळ्यावरची त्याची खोली रिकामी.

मी चाचरत म्हणाले, “ताई, फक्त पत्त्यासाठी नोंदणी करू दिलीत तरी खूप. आम्ही राहायचं बघू कुठंतरी.”

“अगं, फक्त पत्त्यासाठी नाही हो चालत. नगरपालिकेचा माणूस येऊन बघून जाऊ शकतो. पत्ता लावायचा तर राहायलाच या. आणि भाडं देणार असाल तर कागदावर लिहून देऊ, उगाच भिडेखातर नको काही.”

मला त्यांचा हा रोखठोकपणा फार बरा वाटला. नाहीतर उपकाराखाली माणूस दबून जातो. भाडं ठरलं महिना सातशे युरो, विजेसकट. घर त्यांचं स्वतःचं असल्यानं आणखी कुणाची परवानगी लागली नाही. त्यांनी मुख्य रहिवासी म्हणून संमतीपत्र भरलं आणि पासपोर्टची प्रत जोडली. तुम्ही कुणाच्या भाड्याच्या घरात राहणार असाल तर त्यांच्या मालकाची लेखी संमती आधी घ्या, नाहीतर त्यांचंच घर धोक्यात येतं.

माळ्यावर छत उतरतं असतं, त्यामुळे नवऱ्याला खोलीच्या मध्यभागीच सरळ उभं राहता यायचं. खाली ताईंचं स्वयंपाकघर, तिथं माझा दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचा चहा आणि त्यांच्या मिक्सरवर माझा हात. ताईंचे यजमान, म्हणजे दादा, रोज जेवताना डच बातम्या लावून आम्हांला शब्द विचारायचे. मुलगा शनिवारी घरी आला की सोफ्यावर झोपायचा आणि आम्ही ओशाळायचो. तो म्हणायचा, “काका, चिल. मला वरचा जिना चढायचा कंटाळाच येतो.” नवरा छत्तीस वर्षांचा. ‘काका’ त्याला झोंबलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आयएन अ‍ॅमस्टरडॅममध्ये अपॉइंटमेंट मिळाली. या भागात कंपनीमार्फत येणाऱ्यांची नगरपालिका नोंदणी आणि निवास कार्ड तिथं एकाच भेटीत होतं. काउंटरवरच्या बाईंनी माझा जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट ओळीनं मांडले आणि प्रत्येक नावावर पेन्सिल ठेवत गेल्या. बाबांचं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. बराच वेळ गेला. मग मान हलवली आणि टाइप करायला लागल्या. बीएसएनचा कागद त्याच दिवशी हातात. बाहेर येऊन बाबांना पहिला फोन केला. ते म्हणाले, “चला, लागलं तुझं नाव कुठंतरी,” आणि स्वतःच हसत सुटले.

त्यानंतर गोष्टी पटापट झाल्या. सरकारी लॉगिनचा कोड पोस्टानं घरच्या पत्त्यावर येतो. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायचा असतो, पण उशिरा घेतला म्हणून पैसे वाचत नाहीत, हप्ता मागच्या तारखेपासून लागतो. आम्हांला माणशी १६० युरोच्या आसपास पडतो, आणि वर्षाचे पहिले ३८५ युरो खर्च आपल्या खिशातून. फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यात धरत नाहीत. डॉक्टर मात्र जवळचे दोन दवाखाने ‘नवीन रुग्ण घेत नाही’ म्हणाल्यावर तिसरीकडे मिळाले. भारतीय पासपोर्ट असेल तर तीन महिन्यांत क्षयरोगाची तपासणी करावी लागते, दुबईतून आलात तरी. छातीचा एक्सरे काढतात, पाच मिनिटांचं काम.

माझ्या कार्डावर ‘काम करण्यास मुभा, वेगळा परवाना नको’ अशा अर्थाची ओळ आहे. दुबईत मी नवऱ्याच्या व्हिसावर होते आणि काम शोधायचं तर आधी परवान्याचं विचारायचे. इथं जुलैपासून एका लहान फर्ममध्ये आठवड्याचे तीन दिवस हिशोबाचं काम मिळालं. इंग्रजीत चालतं, पण पावत्या सगळ्या डचमध्ये. पगार फार नाही. तरी घर शोधताना पगाराच्या त्या स्लिपेनं फरक पडला, कारण आता अर्जात दोन कमाया होत्या.

आम्ही अ‍ॅमस्टलवीनचा हट्ट सोडला आणि ट्रामच्या नकाशावर पुढे सरकलो. पंचवीस नंबरची ट्राम जुलै २०२४ पासून आउटहोर्न या पुढच्या गावापर्यंत जाते. तिथं जिन्यावर रांग होती, पण छोटी. ऑगस्टच्या मध्याला एक घर मिळालं. दोन बेडरूम, सत्तर चौरस मीटर, मूळ भाडं १,८५० युरो. डिपॉझिट ३,७०० आणि पहिलं भाडं, म्हणजे किल्ली मिळायच्या आधी ५,५५० युरो गेले. गणपती २७ ऑगस्टला होते, ते ताईंकडेच बसले. किल्ली १ सप्टेंबरला.

दार उघडलं तर आत जमीनच नव्हती. म्हणजे नुसतं करडं काँक्रीट. छताला दिव्यांच्या जागी वायरींची टोकं. आम्ही घर बघितलं तेव्हा आधीच्या भाडेकरूची लाकडी जमीन होती, ती तो उखडून घेऊन गेला होता, आणि तो पूर्णपणे बरोबर होता. इथं विनाफर्निचरचं घर म्हणजे खरोखर भिंती आणि छप्पर. घर बघताना विचारा की जमीन, पडदे, दिवे राहणार की जाणार. बरेचदा थोडे पैसे देऊन आधीच्याकडून ते तसंच विकत घेता येतं. आम्ही लॅमिनेट घेतलं. अपार्टमेंट असेल तर खाली आवाज रोखणारा दहा डेसिबलचा थर घालण्याची अट असते, त्याची पावती जपून ठेवा, मालकांची संघटना मागू शकते. सगळं मिळून चौदाशे युरो गेले, आणि ते घातलं आम्ही दोघांनी, दादा आणि त्या मुलानं, दोन शनिवार-रविवारांत. कोपऱ्यातल्या फळ्या अजून थोड्या वर येतात.

दुबईचं सामान जहाजानं निघालं होतं. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जेबेल अलीची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला येत होती. आमचं सामान ऑक्टोबरात पोचलं. सहा महिन्यांहून जास्त वापरलेलं घरसामान शुल्काशिवाय आणता येतं, पण कस्टम्सकडून तशी परवानगी काढावी लागते, आणि त्या अर्जालाही नोंदणीचा पत्ता लागतो. दुबईचे तीन जाड पिनांचे प्लग इथं बसत नाहीत. मिक्सर चालतो, वायर बदलली.

हे घर ‘आपलं’ झालं का, असं कोल्हापूरहून विचारतात. व्हिसा इथंही नोकरीलाच बांधलेला आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, नाहीतर परत. पाच वर्षं सलग राहिलं आणि भाषेची व समाजज्ञानाची परीक्षा दिली तर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. नागरिकत्व घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, आणि २०२४ च्या सरकारनं नागरिकत्वाची मुदत पाचाची दहा वर्षं करण्याचं आपल्या करारात लिहिलं होतं. तेव्हा आम्ही सध्या फक्त परीक्षेच्या मागे आहोत, ती कशालाही लागेल. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी वर्ग. नवरा मागच्या बाकावर.

राहिलेली कामं सांगते, म्हणजे तुमच्या यादीत येतील. परदेशातून नेमलेल्यांना पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त मिळतो, २०२७ पासून तो २७ टक्के होणार आहे. त्याचा अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो. तो कंपनी आणि तुम्ही मिळून करता, म्हणून तिसऱ्या महिन्यात आठवण करा. ती सवलत मंजूर झाली की तिच्या जोरावर तुमचं आणि एकाच पत्त्यावरच्या जोडीदाराचं परदेशी ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षेशिवाय डच लायसन्समध्ये बदलून मिळतं. नवऱ्याचं झालं. माझं दुबईचं लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय, आणि बदलायला ते चालू असावं लागतं, म्हणून पुढच्या सोमवारी नगरपालिकेत जायचंय. फोटो मात्र इथल्या मापाचा लागतो, दुबईचे उरलेले चालत नाहीत.